यकृताबाहेरची यकृतपेशी

डिशमध्ये लावलेल्या यकृतपेशी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत देखण्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाच-सहा कोनांच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशींचा एकसंध थर असतो. कडा उजळ, आतला द्रव दाणेदार, मध्ये ठसठशीत गोल केंद्रक. कित्येक पेशींत तर दोन-दोन. दोन शेजारणींच्या सीमेवरून मधूनमधून एक चकाकती रेघ जाते. ती पित्ताची सूक्ष्मनलिका. यकृत सुटलं तरी पित्त कुठल्या बाजूला टाकायचं, याचं भान या पेशींनी अजून सोडलेलं नसतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडा पुसट होऊ लागतात. पेशी पसरते, चपटी होते, पित्ताच्या रेघा नाहीशा होतात. आठवडाभरात ती लांबोडकी आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. मग जखमेच्या वणातल्या तंतुपेशीपासून तिला वेगळं ओळखणं कठीण. ती मेलेली नसते. साखर वापरते, प्राणवायू घेते, जगते. फक्त यकृताचं काम करत नाही.

हे काम केवढं मोठं आहे, ते आधी पाहू. प्रौढ माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. त्यातली आकारमानाने सुमारे ८० टक्के जागा एकाच जातीच्या पेशींनी व्यापलेली असते. त्या यकृतपेशी, म्हणजे हेपॅटोसाइट. रक्तातलं अल्ब्युमिन त्याच बनवतात, दिवसाला १० ते १५ ग्रॅम. विषारी अमोनियाचा युरिया त्याच करतात. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं, पित्त, साखरेचा साठा ही कामं त्यांचीच. आणि आपण गिळलेल्या बहुतेक औषधांची मोडतोडही त्यांच्याकडेच. या शेवटच्या कामासाठी त्यांच्याकडे सायटोक्रोम पी-४५० या एन्झाइमांचं मोठं कुटुंब असतं. प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘सिप’ म्हणतात. डिशमधली यकृतपेशी सगळ्यांत आधी हातचं सोडते ते हेच. दोन-तीन दिवसांत सिपची पातळी धाडकन उतरते. म्हणजे ज्या कामासाठी औषधकंपन्यांना ही पेशी हवी असते, नेमकं तेच काम आधी जातं.

ही अडचण जुनी आहे, पण फार जुनी नाही. १९६० च्या दशकापर्यंत यकृतातून जिवंत सुट्या पेशी भरपूर मिळवणंच जमत नव्हतं. यकृत चिरडून, चाळणीतून घासून काढलेल्या पेशी बहुतेक फाटलेल्या निघत. १९६९ मध्ये मायकेल बेरी आणि डॅनियल फ्रेंड यांनी उंदराच्या यकृताच्या रक्तवाहिनीतूनच कोलॅजिनेज हे एन्झाइम आत सोडलं. पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजेनचं जाळं आतून विरघळलं आणि पेशी अखंड सुट्या झाल्या. पुढे नॉर्वेच्या पेर सेग्लेन यांनी ती रीत दोन टप्प्यांत बसवली. आधी कॅल्शियम नसलेला द्रव फिरवायचा, म्हणजे पेशींमधल्या गाठी सैल होतात. मग कॅल्शियमसह कोलॅजिनेज, कारण त्या एन्झाइमला कॅल्शियम लागतं. आजही जगभर थोड्याफार फरकाने हेच करतात. गंमत अशी की हे कोलॅजिनेज ज्या जिवाणूपासून मिळतं, तो गॅस गँगरीन घडवणाऱ्यांपैकी एक. शरीरात मांस सडवण्याचं त्याचं हत्यार इथे पेशी जिवंत सोडवायला कामी येतं.

मानवी यकृतपेशी मात्र मागणी केली आणि मिळाल्या असं होत नाही. शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या यकृताचा निरोगी तुकडा, किंवा चरबी फार असल्यामुळे प्रत्यारोपणाला नाकारलेलं दात्याचं यकृत, हेच त्यांचे उगम. त्यामुळे मिळालेल्या पेशी लहान कुप्यांत भरून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. कुपी बाहेर काढली की घाई असते. ३७ अंशांच्या पाण्यात ती धरायची आणि आत बर्फाचा बारीकसा खडा उरला असतानाच उचलायची. पेशी रुंद तोंडाच्या पिपेटने, हलक्या हाताने घ्यायच्या. जोर लावला तर फाटतात. ट्रिपान ब्लू हा रंग घालून मोजायच्या. मेलेल्या निळ्या होतात, जिवंत तशाच राहतात. मग कोलॅजेनचा लेप दिलेल्या प्लेटमध्ये ओतायच्या आणि प्लेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवायची. गोल फिरवायची नाही. परातीत तांदूळ गोल फिरवले की मध्ये ढीग होतो, तशा पेशी मध्ये गोळा होतात, कडेला मोकळी जागा राहते आणि मधल्यांना प्राणवायू पुरत नाही. यकृतपेशीची प्राणवायूची भूक मोठी असते आणि डिशमध्ये रक्त नसतं, हिमोग्लोबिन नसतं. वरच्या हवेतून मीडियात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, जेवढा विरघळेल तेवढाच. म्हणून मीडियाचा थरही उथळच ठेवावा लागतो. चार-सहा तासांत पेशी तळाला चिकटतात. न चिकटलेल्या धुऊन टाकून मीडिया बदलला की सुरुवातीला सांगितलेली ती देखणी सकाळ उगवते.

मग बिघडतं कुठे?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डेव्हिड क्लेटन आणि जेम्स डार्नेल यांनी १९८३ मध्ये या प्रश्नाला थेट हात घातला. त्यांनी पेशीत कुठल्या जनुकांच्या नकला किती वेगाने निघताहेत ते मोजलं. पेशी सुट्या करून डिशमध्ये लावल्या की एका दिवसाच्या आतच खास यकृताच्या जनुकांचं काम मंदावतं, पण कुठल्याही पेशीत चालणारी सर्वसाधारण जनुकं चालूच राहतात. याचा अर्थ पेशी थकलेली किंवा मरणपंथाला लागलेली नव्हती. ती निवडून-निवडून फक्त यकृताचं काम बंद करत होती. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. यकृत सुटं न करता त्याच्या पातळ चकत्या कापून मीडियात ठेवल्या. चकतीत पेशींची मूळ मांडणी शाबूत असते. तिथे यकृताच्या जनुकांचं काम कितीतरी जास्त टिकलं.

हा निकाल मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोवर बहुतेकांचा समज असा होता की मीडियात काहीतरी कमी पडतंय. योग्य संप्रेरकं, योग्य जीवनसत्त्वं, योग्य क्षार सापडले की झालं. ते कामाचं होतंच. इन्शुलिन आणि डेक्सामेथासोन घातल्याशिवाय आजही सहसा कोणी यकृतपेशी लावत नाही. पण चकतीने दाखवलं की खरी उणीव खाण्यापिण्याची नव्हती. यकृतपेशीचं यकृतपण तिच्या एकटीत पुरतं साठवलेलं नसतं. बरंचसं शेजारणींच्या स्पर्शात, दोन्ही अंगांना असलेल्या मऊ जाळ्यात आणि रक्ताच्या वाहत्या प्रवाहात असतं.

शिवाय डिशमधल्या पेशीला आपण डिशमध्ये आलो आहोत, हे कळायला मार्ग नाही. तिला कळतं ते एवढंच: जाळं तुटलं, शेजार गेला. शरीरात असं कधी होतं? यकृताला मोठी इजा झाल्यावर. त्यावर तिच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम तयार असतो. रोजचं काम बाजूला ठेवायचं, पसरायचं, सरकायचं, जखम भरायची, जमलं तर विभागायचं. उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला तर उरलेलं यकृत आठवडा-दहा दिवसांत मूळच्या वजनाला पोचतं, हे १९३१ पासून माहीत आहे. ती ताकद याच कार्यक्रमातून येते. डिशमध्ये तोच कार्यक्रम सुरू होतो, फक्त ‘झालं, जखम भरली’ असा निरोप द्यायला तिथे कोणी नसतं. त्यात प्लास्टिकचा तळ यकृतापेक्षा लाखो पटींनी कडक. मऊ यकृतात राहणाऱ्या पेशीला तो कडकपणा जाणवतो आणि ती आणखी पसरते.

इथे एक रास्त शंका येते. दोन-तीन दिवस पेशी नीट काम करते ना, मग तेवढ्यातच प्रयोग उरकावा. साध्या प्रश्नांसाठी लोक तसंच करतात. अमुक औषध किती वेगाने मोडतं हे काही तासांत कळतं. पण काही गोष्टी तासांत घडत नाहीत, आणि त्याची किंमत माणसांनी मोजलेली आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जुनाट हेपॅटायटिस-बी असलेल्या १५ रुग्णांवर फियालुरिडिन या औषधाची चाचणी सुरू होती. २४ आठवडे रोज औषध घ्यायचं होतं. विषाणू कमी होत होता, सगळे खूश होते. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचं यकृत अचानक कोलमडलं, रक्तात लॅक्टिक आम्ल साचलं. चाचणी तत्काळ थांबवून सगळ्यांना औषध बंद करायला सांगितलं. पण औषध थांबल्यावरही आणखी रुग्ण खालावत गेले. एकूण सात जणांचं यकृत गंभीररीत्या बिघडलं. त्यांतले पाच दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले.

प्राण्यांवरच्या चाचण्यांत या धोक्याची चाहूल लागली नव्हती. नंतर कारण उलगडलं. फियालुरिडिन मायटोकाँड्रियाच्या डीएनएत शिरून बसतं आणि पेशीचा ऊर्जापुरवठा हळूहळू तोडतं. त्याला मायटोकाँड्रियात नेणारा एक वाहक माणसाच्या मायटोकाँड्रियावर असतो, उंदराच्या नसतो. म्हणजे उंदीर ही इथे मुळातच चुकीची परीक्षा होती. माणसाची यकृतपेशीच हवी होती, आणि तीही नुसती असून भागलं नसतं. मायटोकाँड्रियाचा साठा झिजायला आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी काम सोडणाऱ्या पेशीने ही इजा कशी दाखवावी?

‘जास्त दिवस टिकवा’ या मागणीमागे हे आहे. हौस नाही.

पहिलं मोठं यश फ्रान्समधल्या रेन शहरात मिळालं. क्रिस्तियान गुगेन-गियूझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये उंदराच्या यकृतपेशींना एकटं न ठेवता यकृतातल्याच दुसऱ्या जातीच्या आवरणपेशींबरोबर एकाच डिशमध्ये लावलं. अल्ब्युमिन आठवडेच्या आठवडे तयार होत राहिलं. त्याहून बोलकी गोष्ट अशी की काम घसरलेल्या पेशींना नंतर शेजार दिला, तरी अल्ब्युमिन पुन्हा वाढलं. ज्याला सगळे कायमचं विसरणं समजत होते, ते निदान काही काळ तरी परत फिरवता येत होतं.

दुसरा उपाय शेजारणींचा नाही, अंथरूण-पांघरुणाचा. यकृतात पेशीच्या दोन्ही अंगांना रक्ताच्या बारीक वाहिन्या आणि जाळं असतं. डिशमध्ये मात्र खाली कोलॅजेन आणि वर नुसता मीडिया. बॉस्टनमध्ये जेम्स डन, मार्टिन यारमुश आणि रोनाल्ड टॉम्पकिन्स यांनी १९८९ मध्ये पेशींच्या थरावर कोलॅजेनच्या जेलचा आणखी एक थर ओतला. बास, एवढंच. उंदराच्या पेशी सहा आठवडे अल्ब्युमिन बनवत राहिल्या, आकार कोनदार राहिला, पित्ताच्या रेघा पुन्हा जुळल्या. ही ‘सँडविच’ पद्धत इतकी स्वस्त आणि सोपी आहे की आज साध्या प्रयोगशाळेतही करतात. एखादं औषध पित्तात किती जातं हे मोजायला तर ती विशेष उपयोगी, कारण तिथे पित्तनलिका खरोखर बंदिस्त होतात आणि त्यांत पित्त साचतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती जीवशास्त्रातून नव्हे तर संगणकाच्या चिपमधून आली. भारतातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांची मुलगी संगीता भाटिया मेहमेट टोनर यांच्याबरोबर काम करत होती. सिलिकॉनवर सूक्ष्म नक्षी उमटवायचं जे तंत्र चिपच्या कारखान्यात वापरतात, त्याने तिने काचेवर कोलॅजेनचे ठिपके उमटवले. यकृतपेशी फक्त त्या ठिपक्यांवर बसल्या, मधल्या जागेत फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतुपेशी, लावल्या. दोन्ही जातींच्या पेशी तितक्याच, मीडिया तोच. तरी ठिपक्यांचा आकार आणि अंतर बदललं की काम बदलायचं. कोण कोणाला किती चिकटून आहे, यावर सगळं होतं. २००८ मध्ये सलमान खेतानी आणि भाटिया यांनी मानवी यकृतपेशींसाठी हे माप पक्कं केलं: अर्धा मिलिमीटर व्यासाची बेटं, केंद्रापासून केंद्रापर्यंत १.२ मिलिमीटर. पेशी कित्येक आठवडे काम करत राहिल्या. यातले फायब्रोब्लास्ट उंदराच्या गर्भातले, यकृताशी काडीचा संबंध नसलेले. शेजारी आपल्या जातीचा लागत नाही, माणसाचाही लागत नाही, शेजारी लागतो.

चौथा मार्ग तळच काढून टाकायचा. पेशींना चिकटू न देणाऱ्या वाटीच्या आकाराच्या कप्प्यात दीडेक हजार मानवी यकृतपेशी टाकल्या की चिकटायला एकमेकींशिवाय काही उरत नाही. काही दिवसांत त्यांचा एक गोळा बनतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत मॅग्नस इंगेलमन-सुंडबर्ग यांच्या गटाने २०१६ मध्ये असे गोळे पाच आठवडे चालवून दाखवले. त्यांवर त्यांनी फियालुरिडिन तपासलं. रुग्णांच्या शरीरात असते तशा मात्रेतही, आठवड्यांच्या संपर्कानंतर, गोळे खचले. तेवीस वर्षं उशिरा का होईना, हवी ती परीक्षा तयार झाली. गोळा फार मोठा करून चालत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं; आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोचत नाही.

या चारही युक्त्या बाहेरच्या. पेशीच्या भोवती यकृताचा आभास उभा करायचा आणि ती फसेल अशी आशा करायची. पेकिंग विद्यापीठात होंगकुई डेंग यांच्या गटाने उलटा विचार केला. पेशीला वातावरणातून जखमेचे निरोप येतात आणि ते निरोप ठरावीक रेणूंच्या साखळ्यांतून आतपर्यंत पोचतात. मग त्या साखळ्याच बंद केल्या तर? बरीच रसायनं चाळून त्यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पाच रसायनांचं मिश्रण मांडलं. त्यांतली चार म्हणजे पेशीच्या आतल्या चार वाटांवरचे अडसर: टीजीएफ-बीटा, नॉच, डब्ल्यूएनटी आणि बीएमपी. सपाट डिशमध्ये, शेजारी दुसऱ्या जातीची पेशी नसताना, मानवी यकृतपेशी महिन्याहून जास्त काळ काम करत राहिल्या. सिपची पातळीही टिकली. हेपॅटायटिस-बीचा विषाणू फक्त खऱ्याखुऱ्या यकृतपेशीतच नीट वस्ती करतो. या पेशींत त्याने आठवडे मुक्काम केला.

पाचवं रसायन फोर्स्कोलिन. ते अडसर घालत नाही. पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं. आणि त्याचा उगम आपल्या मुलुंडचा आहे. तिथल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात भारतीय औषधी वनस्पतींची शिस्तीत छाननी चाले. तुळशीच्या कुळातल्या कोलिअस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतून सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ वेगळा केला. तेव्हा लक्ष्य रक्तदाब आणि हृदय हे होतं. गुजरातेत या मुळांचं लोणचं घालतात. पेशीतल्या संदेशवहनावर काम करणाऱ्या जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये आज फोर्स्कोलिनची बाटली सापडेल. मुलुंडचं नाव मात्र त्या बाटलीवर नसतं.

आता थोडं सावध बोलायला हवं. ‘पेशी इतके आठवडे काम करत राहिल्या’ असं वाचलं की पहिला प्रश्न विचारावा: कुठलं काम? अल्ब्युमिन मोजणं सोपं आणि स्वस्त, म्हणून बहुतेक जण तेच मोजतात. पण अल्ब्युमिन चिवट आहे. सिप कोसळल्यावरही ते बरेच दिवस निघत राहतं. अल्ब्युमिनच्या आलेखावरून औषधांच्या चाचणीची लायकी ठरवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. दुसरा प्रश्न: कशाच्या तुलनेत? आदल्या आठवड्याच्या डिशच्या तुलनेत स्थिर असणं वेगळं आणि त्याच दात्याच्या, नुकत्याच काढलेल्या पेशींच्या बरोबरीचं असणं वेगळं. घसरून तळाला टेकलेली रेघसुद्धा स्थिरच दिसते.

कर्करोगाच्या पेशींचा सोपा पर्याय आहेच. हेप-जी-टू ही पेशीमालिका १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या यकृताच्या गाठीतून मिळाली. ती अमर आहे, भराभर वाढते, गोठवा-वितळवा, काही म्हणत नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून ती देशभर जाते. आपल्याकडे ‘यकृतावर प्रयोग केला’ म्हणणाऱ्या कितीतरी प्रबंधांत प्रत्यक्षात हेप-जी-टू असते. वाढीचे किंवा साध्या विषारीपणाचे प्रश्न तिला खुशाल विचारावेत. पण तिच्यात सिप इतके कमी की औषध मोडून जो पदार्थ तयार होतो त्यानेच इजा होत असेल, तर तिला काही पत्ता लागणार नाही. भराभर विभागणं आणि यकृताचं काम करणं या दोन गोष्टी एका पेशीत सहसा एकत्र नांदत नाहीत. रेनमध्येच पुढे मिळालेली हेपा-आरजी ही मालिका या दोन्हींच्या मधली: आधी वाढवायची, मग काही आठवडे विशिष्ट मीडियात ठेवून यकृतपेशीसारखी घडवायची. ती बरीच बरी.

चिपवरच्या यकृताचा सध्या गवगवा आहे. पारदर्शक प्लास्टिकमधल्या केसाएवढ्या वाहिन्या, त्यांतून सतत वाहणारा मीडिया, एका बाजूला यकृतपेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी. २०२२ मध्ये ८७० चिपवर २७ औषधं तपासून यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के ओळखल्याचा आणि निर्धोक औषधांवर एकदाही खोटा आरोप न केल्याचा निकाल प्रसिद्ध झाला. आकडे दमदार आहेत. अभ्यास करणाऱ्यांत चिप विकणारी कंपनीच पुढे होती, हेही वाचकाने ध्यानात ठेवावं. त्याच वर्षाअखेर अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राण्यांवर चाचणीची कायदेशीर सक्ती काढली आणि २०२३ मध्ये भारतानेही आपल्या औषधचाचणी नियमांत अशा पद्धतींना जागा करून दिली.

एक गोष्ट मात्र डिशला, गोळ्याला आणि बहुतेक चिपनाही अजून साधलेली नाही. यकृतातल्या सगळ्या यकृतपेशी सारख्या नसतात. रक्त आत शिरतं त्या बाजूच्या पेशींना प्राणवायू जास्त मिळतो, त्या युरिया जास्त करतात. रक्त बाहेर पडतं त्या बाजूच्या पेशींत सिप जास्त. पॅरासिटामॉलचा अतिडोस घेतला की यकृत आधी याच दुसऱ्या बाजूला जळतं, कारण विषारी पदार्थ तिथेच तयार होतो. डिशमध्ये या दोन्ही बाजूंच्या पेशी एकाच वस्तीत मिसळून टाकलेल्या असतात आणि आपण त्यांची सरासरी मोजतो.

या सगळ्याचा कस लागतो तो औषधाच्या विषारीपणापेक्षाही मलेरियात. आपल्याकडच्या व्हायव्हॅक्स मलेरियाचे परजीवी डासाने चावल्यावर आधी यकृतपेशीत जातात आणि त्यांतले काही तिथेच निद्रिस्त राहतात. रुग्ण बरा होतो, आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा डास न चावता, पुन्हा तापाने फणफणतो. क्लोरोक्विन या निद्रिस्त परजीवीला धक्काही लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन लागतं. भारतात ते १४ दिवस देतात. नवं औषध शोधायचं तर निद्रिस्त परजीवी डिशमध्ये हवा, आणि तो आठवडे पोसायला आठवडे टिकणारी मानवी यकृतपेशी हवी. भाटिया यांच्या गटाने थायलंडमधल्या रुग्णांचं रक्त डासांना पाजून, त्या डासांच्या लाळग्रंथी एकेक करून सोडवून, मिळालेले परजीवी आपल्या बेटांवरच्या यकृतपेशींत सोडले. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की निद्रिस्त परजीवी तिथे आठवडे राहतात.

आणि इथे एक जास्तीचा पेच आहे. प्रायमाक्विन स्वतः परजीवीला मारत नाही. यकृतपेशीतलं सिप-२डी६ हे एन्झाइम त्याचं मारक रूप बनवतं. काही माणसांत जन्मतःच हे एन्झाइम कमजोर असतं, आणि प्रायमाक्विन नीट घेऊनही त्यांचा मलेरिया उलटतो. त्यामुळे डिशमधली पेशी नुसती आठवडे जगून, परजीवी पोसून भागत नाही. तिचे सिपही शेवटच्या दिवसापर्यंत चालू हवेत. नाहीतर काम करणारं औषध डिशमध्ये निकामी ठरेल आणि कोणीतरी ते यादीतून काढून टाकेल. कमजोर सिपच्या दात्याची कुपी हाती आली तर पहिल्या दिवसापासूनच तसं होईल. म्हणून असा प्रयोग लावायचा असेल तर कुपी वितळवण्याआधी दात्याच्या सिप-२डी६ जनुकाचा प्रकार कागदावर पाहून घ्यावा लागतो, आणि कमजोर असेल तर ती कुपी पुन्हा नायट्रोजनमध्ये ठेवून दुसऱ्या दात्याची काढावी लागते.